कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो? आधी बघ, मग मोज, बदल शेवटी

स्वतःच्या हातांनी जोडलेला कॉम्प्युटर अचानक बंद पडू लागला, की बहुतेक पोरं थेट दुकान गाठतात. नवा एसएमपीएस येतो, मशीन तरीही बंद पडतं. मग रॅम बदलली जाते, मग मदरबोर्डवर संशय जातो. पैसे जातात आणि दोष बऱ्याचदा जिथल्या तिथे राहतो, कारण तो कधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असतो, तर कधी अर्ध्यावर बसलेल्या एखाद्या प्लगमध्ये.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते वस्ताद मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. त्यांचा नियम एकच होता: आधी बघायचं, मग मोजायचं, बदलायचं सगळ्यात शेवटी. कॉम्प्युटर आले, पिढ्या बदलल्या, पण या क्रमात बदल करावा असं मला कधी वाटलं नाही. तोच क्रम आज कानमंत्रांच्या रूपाने तुझ्या हाती देतो आहे.

पहिला: स्क्रू काढण्याआधी डेटा काढ

मशीन अजून अर्धा तास जरी चालत असेल, तरी तो अर्धा तास चाचण्यांमध्ये घालवू नकोस. प्रोजेक्ट, फोटो, हिशेब, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी बाहेरच्या ड्राइव्हवर घे. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, आणि पुढे आपण मशीन मुद्दाम बंद पाडून बघणार आहोत. पार्ट बाजारात पुन्हा मिळतो, तुझं काम मिळत नाही.

दुसरा: बंद कसं पडतं ते लिहून काढ

'बंद पडतं' एवढ्यावर निदान होत नाही. एक वही घे आणि प्रत्येक वेळची नोंद कर: किती वाजले होते, काय चालू होतं, घरात फ्रिज, पाण्याची मोटर किंवा एसी त्याच क्षणी सुरू झाला का, आणि पुन्हा चालू करताना मशीनने कसा त्रास दिला. बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या दिशेला बोट दाखवते.

पंखे, दिवे, स्क्रीन सगळं एका क्षणात गेलं, बटण दाबूनही उठत नाही, पण एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून थोडं थांबलं की उठतं? मग एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप केलं आहे. कुठेतरी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट आहे.

बंद पडतं, लगेच चालू होतं, पण दर खेपेला आधीपेक्षा लवकर बंद पडतं? उष्णता तपास.

स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरतच आहेत? मशीन बंद पडलेलंच नाही, फक्त डिस्प्ले गेला आहे. ग्राफिक्स कार्ड, त्याची केबल आणि ड्रायव्हर बघ.

आपोआप रिस्टार्ट मारतं? आधी विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढ. निळी स्क्रीन येत असेल तर आता ती थांबेल आणि वाचता येईल. काही मशीन फक्त झोपी जातात आणि लोक त्यालाच बंद पडणं समजतात, म्हणून स्लीपची सेटिंगही एकदा बघून घे.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघड. तिथे 'कर्नेल-पॉवर 41' अशी नोंद दिसेल. पुष्कळ जण तिलाच रोगाचं नाव समजतात. ती नोंद पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लिहिली जाते आणि मागचं शटडाऊन नीट झालं नव्हतं एवढंच सांगते. उपयोगाची माहिती तिच्या तपशिलात असते. 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवण्याइतकाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज, उष्णता किंवा हार्डवेअर. तिथेच 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' हा आकडा शून्य नसेल, तर पॉवर बटण दाबून धरलं गेलं होतं. तू ते दाबलं नसशील, तर बटणच अडकलं असण्याची शक्यता आहे. चार सेकंद दाबलं गेलं की मशीन बंद होतं, मग बोट कोणाचंही असो.

तिसरा: भिंतीपासून आत ये

आपल्याकडे हा कानमंत्र सगळ्यात जास्त उपयोगी पडतो आणि सगळ्यात कमी पाळला जातो.

आपला पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. वीज क्षणभर खंडित झाली तर एसएमपीएस आतल्या साठ्यावर तग धरतो, पण पूर्ण लोडवर ही मजल साधारण 12 ते 17 मिलिसेकंदांची असते. म्हणजे एका आवर्तनाएवढा खंड पडला तरी मशीन पडू शकतं. खोलीतला एलईडी दिवा तेवढ्यात बऱ्याचदा लुकलुकतही नाही. म्हणून 'लाइट तर गेलीच नाही' हा पुरावा धरू नकोस. व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर आजचे बहुतेक चांगले एसएमपीएस सांभाळून घेतात. त्यांना झेपत नाही तो खंड, आणि असा खंड बऱ्याचदा सैल जोडणीतून येतो.

एका घरी संध्याकाळीच बंद पडणारं मशीन होतं. कॅबिनेट उघडण्याआधी मी स्पाइक गार्डचा प्लग ओढला. नुसत्या वजनानेच तो बाहेर आला. सॉकेटच्या एका भोकाभोवती पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं, आतली पितळी पट्टी पसरलेली, आणि जवळ नाक नेलं की जळक्या बेकेलाइटचा वास. त्याच बोर्डवर संध्याकाळी इस्त्री लागायची. इस्त्रीच्या ओढीने पट्टी तापायची, ढिली व्हायची आणि मशीन जायचं. वायरमनने सॉकेट बदललं, इस्त्रीला वेगळी जागा दिली, प्रश्न मिटला. कॅबिनेटचा एक स्क्रूही काढावा लागला नाही.

तेव्हा आधी प्लग हलवून बघ, तपकिरी डाग शोध, एसएमपीएसच्या मागची पॉवर केबल पूर्ण आत दाब. मग स्पाइक गार्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून मशीन दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर थेट चालव. तिथे दोन दिवस ठणठणीत चाललं तर निम्मं निदान झालं.

यूपीएसचा हिशेब साधा आहे. 600 व्हीएचा यूपीएस सहसा 360 वॉटच्या आसपासच देतो. खरा आकडा मागच्या लेबलवर वॉटमध्ये छापलेला असतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन गेम खेळताना याच्या वर जातं आणि नेमकी लाइट गेली की यूपीएस हात वर करतो. बॅटरी जुनी झाली असेल तर कमी लोडवरही हेच होतं. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघ. 'नॉर्मल' किंवा 'इको' मोडमध्ये वीज बदलायला वेळ लागतो, पंख्या-दिव्यांना तो चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नकोस. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे जवळजवळ 115 व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण यूएसबी आणि मॉनिटरच्या केबलमधून तो वाट शोधतो आणि मशीनला छळतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये कधीही घालू नकोस. अर्थिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घे.

चौथा: स्वतःच्या जोडणीकडे परक्याच्या नजरेने बघ

प्लग काढ, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दे, पत्र्याला हात लाव, मग कॅबिनेट उघड.

आधी प्रोसेसरजवळ, बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला आठ पिनांचा पॉवर प्लग बघ. तो चार-चारच्या दोन तुकड्यांत येतो. एक तुकडा बसतो, दुसरा अर्धवट राहतो, आणि मशीन तरीही सुरू होतं. हलक्या कामात काही जाणवत नाही, लोड आला की पडतं. टॉर्च लावून बघ: प्लगची खिटी बोर्डवरच्या सॉकेटच्या कडेवर अडकलेली दिसली पाहिजे. 24 पिनांचा मोठा प्लगही तसाच खटकन बसायला हवा.

ग्राफिक्स कार्डला दोन प्लग असतील तर एकाच केबलच्या दोन तोंडांवर भागवू नकोस, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आण. आठ पिनांचा एक प्लग 150 वॉटसाठी ठरवलेला आहे, खुद्द स्लॉट 75 वॉटसाठी. नव्या कार्डांचा सोळा पिनांचा प्लग तर शेवटपर्यंत आत गेलाच पाहिजे आणि तोंडाशीच वाकलेला नसावा. तो अर्धवट राहिला तर वितळू शकतो.

मग मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ मोज. बोर्डला जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला असेल तर तो मागून सर्किटला टेकतो. खाली पडलेला एखादा स्क्रूही तेच करतो. कॅबिनेट हललं, पाय लागला की मशीन पडतं, असं वहीत दिसत असेल तर आधी इथेच बघ.

पॉवर बटणावर संशय असेल तर पुढच्या पॅनेलची पॉवर आणि रिसेट, दोन्ही बटणांची वायर बोर्डवरून काढून टाक. पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर एकत्र स्पर्श करून मशीन सुरू कर आणि दिवसभर तसंच चालू दे. बंद पडलं नाही तर दोष बटणात.

पाचवा: उष्णतेची नुसती शंका घेऊ नकोस, आकडा घे

एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर तापमान दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवतं. ते चालू ठेव, मशीन पडू दे, मग शेवटची ओळ वाच. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा 100 अंश आहे, रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेकांची 95. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो. थेट बंद पडण्याची वेळ त्याच्याही पुढे, कूलर जवळजवळ काम करतच नसेल तेव्हा येते. शेवटच्या ओळीत प्रोसेसर 60 अंशांवर असेल तर त्याच्यामागे लागू नकोस, पुढे चल.

आकडा खरोखर चढत असेल तर कूलर उतरव. तळावरची पारदर्शक संरक्षक फिल्म तशीच राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. पेस्ट सगळीकडे सारखी दबलेली दिसली पाहिजे. एका कोपऱ्यात जाड आणि दुसरीकडे कोरी असेल तर कूलर तिरका बसला आहे. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच हवी. पाण्याचा कूलर असेल तर पंपचे फेरे सॉफ्टवेअरमध्ये दिसायला हवेत.

विदर्भात, खानदेशात मे महिन्यात खोलीच 40 अंशांच्या वर जाते. कोणताही हवेचा किंवा पाण्याचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत 75 अंशांवर चालणारं मशीन मेमध्ये 95ला टेकणार, हे गृहीत धर. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नकोस आणि एसएमपीएसचा पंखा सतरंजीवर टेकू देऊ नकोस. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. कोकणात दमट हवेने धूळ चिकट होते, तिथे ब्लोअरबरोबर ब्रशही लागतो.

सहावा: एसएमपीएसचं लेबल वाचायला शीक

कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर '450' असा ठसठशीत आकडा असतो. त्यावर जाऊ नकोस. लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ. 18 अँपिअर असतील तर 12 गुणिले 18, म्हणजे 216 वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच 12 व्होल्टवर घेतात, त्यामुळे तुझ्या कामाचा आकडा 216 आहे, 450 नाही.

मागणीचा हिशेबही कर. '65 वॉट' लिहिलेला रायझन जोरात असताना 88 वॉटपर्यंत घेतो. 200 वॉटचं कार्ड क्षणभर त्याच्या कितीतरी वर उसळी घेतं. या उसळ्या इतक्या त्रासदायक ठरल्या की 2022 मध्ये आलेल्या एटीएक्स 3.0 मानकाने एसएमपीएसला 100 मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट लोड झेलण्याची अट घातली. म्हणून बेरजेवर चांगली मोकळीक ठेव. '80 प्लस' ही खूण वीज किती वाया जात नाही ते सांगते, एसएमपीएस किती भक्कम आहे ते सांगत नाही.

मल्टिमीटर असेल तर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये 11.4 ते 12.6 व्होल्ट, लाल आणि काळ्यामध्ये 4.75 ते 5.25 मिळायला हवेत, तेही लोडवर. आकडा बाहेर गेला तर एसएमपीएस दोषी. आकडा बरोबर आला म्हणून मात्र तो सुटत नाही. क्षणाची घसरण मीटर पकडू शकत नाही. तिथे ओळखीच्या माणसाचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता लावून बघणं हाच खात्रीचा उपाय.

तसं करताना दोन पथ्यं पाळ. एसएमपीएसबरोबर त्याच्याच केबल आण. मॉड्युलर केबलचं एसएमपीएसकडचं टोक दिसायला सारखं असतं, पण पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी असते. चुकीची केबल एका क्षणात ड्राइव्ह आणि बोर्ड जाळते. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नकोस. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब काही काळ राहू शकतो. तो जीव घेऊ शकतो.

सातवा: मुद्दाम बंद पाडून बघ

शेजारी बसून, नजर तापमानावर ठेवून आधी फक्त प्रोसेसरवर लोड दे, त्यासाठी प्राइम95 आहे. मग फक्त ग्राफिक्स कार्डवर, त्यासाठी फरमार्क. शेवटी दोन्ही एकदम. प्रोसेसरच्या लोडवरच पडलं तर कूलर, आठ पिनांचा प्लग आणि बोर्डचा पॉवर भाग बघ. कार्डच्या लोडवरच पडलं तर कार्ड आणि त्याच्या केबल. एकेकट्याला काही होत नाही, दोन्ही मिळून पडतं, तर एसएमपीएस. लोडवर तासभर टिकतं आणि नुसतं बसलेलं असताना पडतं, तर भिंत, बटण आणि सैल जोड पुन्हा तपास.

रॅम सहसा वीज घालवत नाही. ती निळी स्क्रीन आणते, हँग करते, रिस्टार्ट मारायला लावते. तिच्यासाठी बायोसमधलं रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद कर, बायोस मूळ सेटिंगवर आण आणि रात्रभर मेमटेस्ट86 चालव. इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत कर. त्यांच्यातल्या जास्त व्होल्टेजच्या दोषावर 2024 मध्ये दुरुस्ती आली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली.

तरीही काही सापडलं नाही तर मशीन बोडकं कर. बोर्ड कॅबिनेटबाहेर, कोरड्या पुठ्ठ्यावर. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, एवढंच. ते टिकलं की एकेक पार्ट जोडत जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या बदलाने फरक पडला ते कायमचं हातातून जातं.

आठवा: दुकानात जाताना वही घेऊन जा

बिल, सीरियल नंबरची लेबलं आणि खोकी जपून ठेव. लेबल फाडू नकोस. दुकानदाराने 'आमच्याकडे दिवसभर चाललं' असं सांगितलं तर त्याच्यावर रागावू नकोस. दुकानात चालतं आणि घरी पडतं, हा तुझ्या घरच्या विजेविरुद्धचा भक्कम पुरावा आहे. तो वहीत लिही आणि तिसऱ्या कानमंत्राकडे परत ये.

जळका वास, ठिणगी, फुगलेला कपॅसिटर किंवा वितळलेला प्लग दिसला तर मात्र सगळ्या चाचण्या थांबव. पुन्हा एकदा चालू करून बघू, असं म्हणू नकोस.

शेवटचा: कारण सिद्ध कर

मशीन दोन दिवस चाललं म्हणून दुरुस्त झालं असं समजू नकोस. सैल प्लग नुसत्या हाताळण्यानेही तात्पुरता बसतो आणि श्रेय नव्या पार्टला जातं. म्हणून धोका नसेल तिथे जुना पार्ट परत लावून बघ. दोष परत आला, आणि नवा लावल्यावर पुन्हा गेला, तरच तो पार्ट दोषी. मग वहीत एका वाक्यात लिही: अमुक कारणाने बंद पडत होतं, अमुक केल्यावर थांबलं. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर दोष अजून मशीनमध्येच आहे. पैसे खर्च करू नकोस, शोध चालू ठेव.